माळ्यावरची पेटी

पालीतल्या मळ्यावर इमारती उठल्या आणि दर पावसात पऱ्याचं, त्या ओढ्याचं, पाणी कमलाबाईंच्या घरात शिरू लागलं. पाणी चढायच्या आधीच शेजारी त्यांची लुगड्यांची पेटी माळ्यावर चढवत. पूर ओसरला की मुंबईचा लेक प्रज्ञेश चिखल काढायला येई, पेटीही उतरवी. म्हातारी पुराचीच वाट बघते, अशी वाडीत कुजबुज होती; खोटं कशाला बोला, होती तशीच.

यंदा मोठं गटार झालं. पाणी उंबऱ्यालाही लागलं नाही.

"मग आता कशाला येऊ, आये?" फोनवर प्रज्ञेश हसला.

पाऊस सरला, तरी पेटी माळ्यावरच. कमलाबाई जुनेरंच नेसून विहारात जात राहिल्या.

"काकी, पेटी उतरवू? की पूर मागवलाय?" शेजारच्या दीक्षानं चिडवलं.

"असू दे गो वरच. पाण्याचा काय नेम?"