हनुवटीवर दोन बोटं

रुग्णालयात तिला नावाने कुणी हाक मारत नसे. सगळ्यांची ती बोलकी ताई. खरं तर ती फारशी बोलकी नव्हती. दुसऱ्यांना बोलतं करणं हे तिचं काम होतं. अर्धांगाचा झटका येऊन ज्यांची वाचा गेली, त्यांना ती पुन्हा बोलायला शिकवायची. घरात दरारा असलेली मोठमोठी माणसं तिच्यासमोर बसून गाल फुगवायची, जीभ बाहेर काढायची आणि लाळ गळली की लाजायची. मग ताई स्वतःच असं काही वेडंवाकडं तोंड करायची, की त्यांची निम्मी लाज पळून जायची.

तिची एक खूण होती. धडा सुरू करताना ती आपल्या हनुवटीवर दोन बोटं टेकवायची. माझ्या तोंडाकडे बघा, एवढाच तिचा अर्थ. शब्द समजेनासे झालेल्या माणसालाही ती खूण बरोबर समजायची.

साथ आली आणि या खुणेची पंचाईत झाली. तोंडच मास्कमागे गेल्यावर बघायचं काय? पुढे लस निघाली, तसा रुग्णालयाने नियम काढला. लस घेतलेल्यांच्या ओळखपत्रावर हिरवी टिकली लागेल. त्यांनी धड्यापुरता मास्क उतरवावा, तोही मध्ये पारदर्शक पडदा उभा करून. लस न घेतलेल्यांनी रुग्णासमोर मास्क काढायचाच नाही. त्यांनी चित्रं दाखवावीत, व्हिडिओ दाखवावेत, नाहीतर डोकं चालवावं.

ताईच्या ओळखपत्रावर टिकली नव्हती.

ती काही अडाणी नव्हती, सुईलाही घाबरत नव्हती. तिची भीती तिच्या खोलीतच जन्मली होती. नवा रुग्ण आला की ती घरच्यांकडून सगळी हकीकत काढून घ्यायची, आणि जो तो म्हणायचा, "अहो, धडधाकट होते. लस घेतली आणि दोनेक महिन्यांत हे झालं." एक म्हणाला, दुसरा म्हणाला, मग म्हणतच राहिले. दिवसभर झटक्याचीच माणसं बघणाऱ्या बाईला दुसरं दिसणार तरी काय! एकदा तिने वॉर्डच्या डॉक्टरांपाशी विषय काढला. ते हसले.

"ताई, इथे येणारा प्रत्येक जण त्या दिवशी सकाळी चहाही प्यालेला असतो. मग चहा बंद करायचा का? लस सगळ्यांनीच घेतलीय. ज्यांना काही झालं नाही, ते तुमच्याकडे कशाला येतील?"

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी, तसलाच हा प्रकार. ताईला पटलं. पण डोक्याला पटलेलं पायांना पटेना. लसीच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन ती परत फिरली, आज सर्दी वाटतेय म्हणून. मग पाहुणे होते म्हणून, मग उगीचच. घरी नवरा थट्टा करायचा, "जगाला तोंड उघडायला शिकवतेस आणि तुला दंड उघडा करता येईना?" ती हसण्यावारी न्यायची. रुग्णांच्या घरच्यांना मात्र हात धुवा, मास्क नीट लावा, असं बजावत राहायची. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ते असं.

अशात कंडक्टरकाका आले. जन्मभर बसमध्ये "पुढे चला, पुढे सरका" असं ओरडलेला माणूस, आणि झटक्यानंतर तोंडातून नुसतं "ब, ब". उजवा हात लुळा पडलेला, म्हणून चिडले की डाव्या हाताने टेबल बडवायचे. काकू त्यांना रोज घरून घेऊन यायच्या आणि धडा संपेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसायच्या. मुलगा संध्याकाळी कामावरून सुटला की दोघांना न्यायला यायचा.

ताईने ठरवलं, यांना "पुढे" म्हणायला लावायचं. जो शब्द रोज जिभेवर होता, तोच आधी सापडेल. पण "पु" साठी ओठ मिटून फुंकर मारल्यासारखे सोडावे लागतात, आणि ते मास्कमागून दाखवायचं कसं? तिने चित्रं दाखवली. काकांनी ती टेबलावरून ढकलून दिली. व्हिडिओ लावला, तर काका खिडकीबाहेर बघत बसले. शेवटी एके दिवशी त्यांनी, ती सवयीने मास्कवरही टेकवायची तशीच, डाव्या हाताची दोन बोटं आपल्याच हनुवटीवर टेकवली आणि तिच्याकडे रोखून पाहिलं. तोंड दाखव, म्हणत होते.

ताईने दार लोटून घेतलं आणि मास्क खाली ओढला. नियमातला पडदा कोपऱ्यात धूळ खात उभा होता. टिकली नसलेल्या बाईने तो ओढला असता, तर बाहेरच्यांनी विचारलं असतं, कशासाठी? म्हणून तो तिथेच राहिला.

मग रोजचंच होऊन बसलं. आणि एका दुपारी काका म्हणाले, "पु... ढे." पुन्हा म्हणाले. मग असे काही ओरडले, की भरल्या बसमागे धावणारा माणूससुद्धा थांबला असता. काकू धावत आत आल्या, तोवर मास्क वर गेला होता. त्यांनी ताईचे दोन्ही हात धरले आणि रडत म्हणाल्या, "माणूस परत दिलात हो माझा!" ताईही रडली. त्या क्षणी तिला आपलं काहीच चुकलेलं वाटत नव्हतं.

पुढचा शब्द "सरका". त्या आठवड्यात तिचा घसा खवखवत होता. पण दिवसभर आ, ई, ऊ करणाऱ्या बाईचा घसा बसला, तर त्यात नवल ते काय? तिचा घसा वर्षातून चारदा बसायचा. दुसऱ्या कुणाला शंका आली असती, तिला आली नाही. मिठाच्या गुळण्या करून ती कामावर गेली, मास्क उतरवून काकांसमोर बसली आणि "स" साठी दात दाखवत राहिली.

संध्याकाळी तिला ताप भरला. तपासणीत साथीचाच आजार निघाला. ती घरीच पडून राहिली आणि बरी झाली. काकांनाही तोच आजार झाला, आणि त्यांना मात्र अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं. श्वास पुरेना, म्हणून शेवटी गळ्याला भोक पाडून नळी बसवली. जीव वाचला. आवाज नळीतूनच निघून जायचा. तो तोंडापर्यंत परत येईल की नाही, कुणी सांगत नव्हतं.

"नक्की कुणाकडून झालं, ते आता कळायचं नाही," डॉक्टर म्हणाले. हे एक वाक्य ताईने धरून ठेवलं. डॉक्टरांनी मुभा देताच तिने लस घेतली. दंड एक दिवस दुखला, बस. एवढ्याशा दुखण्यापायी आपण काय करून बसलो, या विचाराने ती न्हाणीघरात नळ सोडून रडली. नव्या टिकलीकडे बघायचीही तिला लाज वाटायची.

कामावर परतली, तेव्हा काकू वॉर्डच्या दारापासून लांब बसल्या होत्या. दोन मास्क, हातमोजे. ताई जवळ गेली, तशा त्या बाजूला सरकल्या.

"जवळ नका येऊ. मीच आणलं घरात. भाजीला गेले होते, उकडत होतं, मास्क नाकाखाली घेतला. मलाही जरा कणकण आली होती. मुलगा म्हणाला, आई, तुला हजारदा सांगितलं होतं. आता धड बोलतही नाही माझ्याशी. त्याचं तरी काय चुकलं?"

"कुणाकडून झालं ते सांगता येत नाही, काकू," ताई म्हणाली. वाक्य तयारच होतं.

काकू मान हलवत म्हणाल्या, "तुम्ही चांगल्या आहात, म्हणून असं म्हणता."

त्या चांगुलपणाने ताईला चटका बसला. आपण गप्प बसलो तर ही बाई मरेपर्यंत त्या भाजीच्या पिशवीला शिव्या देत राहील, हे तिला लख्ख दिसलं.

"काकू, मी दार लावून मास्क काढत होते. रोज. मी लस घेतली नव्हती. शेवटच्या दिवशी माझा घसा दुखत होता, तरी काढला. तुमच्याकडून झालं असेलही, पण माझ्याकडून होण्याचाच संभव जास्त आहे."

ताई शिव्यांची वाट बघत होती; त्या मिळाल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"हे माझ्या मुलाला सांगा," काकू म्हणाल्या. "मी सांगितलं, तर त्याला वाटेल दुसऱ्यावर ढकलतेय."

संध्याकाळी मुलगा आला. ताईने त्याला जिन्यापाशी गाठून तेच पुन्हा सांगितलं, एकही शब्द मऊ न करता. त्याचा चेहरा आधी लाल झाला. तो म्हणाला, "तुमची तक्रार करणार आहे मी." ती म्हणाली, "करा. मी मोठ्या डॉक्टरांना दुपारीच सांगितलंय." मग त्याचा आवाज खाली आला. "आणि मी आईला..." वाक्य अर्धवट टाकून तो बाकाकडे गेला. काकूंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. तो शेजारी बसला, तेव्हा उठल्याही नाहीत.

रुग्णालयाने ताईला कामावर ठेवलं, समज देऊन. काकांना दुसरं कुणी शिकवेल, असंही ठरलं. पण ते दुसऱ्या बाईपुढे तोंडच उघडेनात. काकूंनी स्वतः येऊन निरोप दिला, "तुम्हीच या. मी आत बसणार."

काका वाळले होते, पण डोळे तेच. ताईला बघताच त्यांनी दोन बोटं हनुवटीवर टेकवली. ताईने कोपऱ्यातला पडदा ओढला, पुसला, दोघांच्या मध्ये उभा केला आणि मगच मास्क उतरवला. काकांना ते मुळीच आवडलं नाही. डाव्या हाताने ते पडदा बाजूला ढकलू लागले.

"नाही काका," ताई म्हणाली. तिने त्यांना पहिल्यांदाच नाही म्हटलं होतं.

काकांनी आणखी जोर लावला, पडदा डुगडुगला. तेव्हा काकू उठल्या, पुढे आल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी चौकट घट्ट धरून ठेवली. त्या ताईकडे बघत नव्हत्या. आपल्याला मदत म्हणून नव्हे, काकांना आपल्यापासून जपायला त्यांनी ती धरली आहे, हे ताईला कळलं. तिने ओठ मिटले आणि काकांना "पु" दाखवला.