त्रेचाळीस मिनिटांच्या कुस्तीची मी केलेली नऊ मिनिटं

हे ऐकल्यावर तुम्ही मला पुन्हा चहाला बोलवाल की नाही, शंकाच आहे. म्हणून आधी कप हातात घेतो, मग सांगतो. गाढवपणा माणूस आयुष्यात पुष्कळ करतो हो, पण ढोल-ताशे लावून केलेला माझा हा एकच!

इथे परदेशात, आमच्या पार्सिपनी गावात, दामले काका राहायचे. हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर होते, रिटायर होऊन बारा वर्षं झालेली. काकू गेल्यापासून एकटेच. आणि या हळू आवाजात बोलणाऱ्या माणसाला वेड कसलं, तर जपानी कुस्तीचं! आपली मातीतली नव्हे. दोरांच्या रिंगमधली, चॅम्पियनच्या पट्ट्यासाठी होणारी. त्यातही एकच जुनी मॅच. कुणा जपानी सहकाऱ्यानं दिलेली व्हिडिओ टेप त्यांनी देवासारखी जपली होती.

"नितीन, बस. एकदा पूर्ण बघ," असं ते मला तीन वर्षं म्हणत होते. मी बसायचोही. पण दहाव्या मिनिटाला माझा फोन वाजायचा. नाही वाजला तर मीच बायकोला मेसेज करून वाजवून घ्यायचो!

मग काकांनी घर विकलं. दूर दुसऱ्या राज्यात, प्लेनोला मुलीकडे कायमचं जायचं ठरलं. टेप माझ्या हातात देऊन म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाला. एवढी कॉपी करून दे. रविवारी दुपारी सगळे निरोपाला येणार आहेत, तेव्हा सगळ्यांबरोबर बघू."

केली कॉपी. पण मी नुसती कॉपी करून थांबणारा माणूस आहे का? फाइल भराभर पुढे सरकवून पाहिली, तर पहिली वीस मिनिटं दोघं एकमेकांचा हात धरून पडलेले! प्रेक्षकही गप्प. म्हटलं, निरोपाला आलेली माणसं झोपतील यार! धरपकड सगळी काढली, आपटाआपटी ठेवली. त्रेचाळीस मिनिटांची नऊ केली. आणि त्या शांततेवर, हसू नका, ढोल-ताशा लावला. लॅपटॉपवर जागा नव्हती, म्हणून मूळ फाइल डिलीट. आणि टेप? काम झालं, आता कशाला पसारा, म्हणून गुरुवारच्या कचऱ्यात.

रविवारी काकांच्या रिकाम्या हॉलमध्ये आम्ही वीसएक जण कार्पेटवर बसलो. सोफे गेले होते, टीव्ही एका खोक्यावर. नऊ मिनिटं नुसता धुमाकूळ! लोकांनी शिट्ट्या मारल्या. मी कौतुकाच्या अपेक्षेनं काकांकडे पाहिलं.

ते अजून टीव्हीकडेच बघत होते. "बाकीची?"

"काढली काका. बोअर होत होती. नुसते हात धरून…"

"टेप आण बघू."

टेपचं काय झालं ते सांगितलं. माझी बायको मंजिरी कपाळाला हात लावून बसली.

काका रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं! ते उठले, चष्मा काढून खोक्यावर ठेवला आणि म्हणाले, "इकडे ये. आडवा हो."

एकोणऐंशी वर्षांच्या माणसाला नाही कसं म्हणणार? झालो आडवा. त्यांनी खाली बसून माझं डावं मनगट धरलं, कोपर मांडीवर घेतलं आणि हात किंचित, अगदी किंचित, वळवला.

"आई गं!"

"किती वेळ झाला?"

"दोन-तीन मिनिटं?"

"वीस सेकंद. तो अकरा मिनिटं असा पडला होता. ते तू कापलंस."

आणि माझा हात न सोडता ते सगळ्यांना सांगू लागले. खाली पडलेला तो चॅम्पियन. वय झालेलं, डावा खांदा पट्टीनं बांधलेला. हात पिरगाळणारा त्याचाच चेला. उस्तादाच्या त्याच खांद्याला त्यानं वर्षानुवर्षं पट्टी बांधलेली. "म्हणजे नेमकं कुठे दुखतं ते त्याला ठाऊक. आणि त्याला ठाऊक आहे हे प्रेक्षकांना ठाऊक. म्हणून ते गप्प होते, नितीन."

माझी मुलगी इरा पुढे सरकली. "बट आजोबा, इट्स ऑल फेक, राइट?"

"कोण जिंकणार ते आधी ठरलेलं असतं, बाळा. खांदा मात्र त्याचाच होता."

चाळिसाव्या मिनिटाला चॅम्पियन चेल्याला शेवटचा डाव म्हणून डोक्यावर उचलतो आणि डाव्या हातात जोरच उरत नाही. चेला खाली पडतो. हा क्षण माझ्या नऊ मिनिटांत होता. तिथेच मी ताशा सर्वात जोरात लावला होता, आणि हात निसटला म्हणून सगळे हसलेही होते. आता कुणी हसलं नाही.

"मग चेला जिंकला?" मंजिरीनं विचारलं.

"जिंकला. त्याला पट्टा दिला, तर त्यानं तो बाजूला ठेवला. उस्तादाशेजारी बसला आणि सुटलेली पट्टी पुन्हा बांधायला लागला." बोलता बोलता काकांचा हात माझ्या खांद्याभोवती हळूहळू फिरत होता, खरंच पट्टी गुंडाळल्यासारखा. मी तर मॅच संपल्याची घंटा वाजताच पुढचं सगळं कापलं होतं! जमिनीवर पडल्या पडल्या माझे डोळे भरून आले. हात दुखत होता म्हणून, असं मी सगळ्यांना सांगितलं.

बुधवारी मीच त्यांना नेवार्कच्या एअरपोर्टवर सोडायला गेलो. बॅगा उजव्या हातानं उतरवल्या. शेवटी राहवेना.

"काका, त्या टेपबद्दल मी स्वतःला कधी माफ…"

"अरे, ती मॅच इंटरनेटवर पूर्ण आहे. मी फोनवर बघतो."

मी तिथेच उभा राहिलो. "मग कॉपी करायला मला का दिलीत?"

"तीन वर्षं बस म्हटलं, बसला नाहीस. टेप कॉपी व्हायला मॅचइतकाच वेळ लागतो. म्हटलं, त्या निमित्तानं तरी त्रेचाळीस मिनिटं जागचा हलणार नाहीस." मग माझ्याकडे रोखून बघत त्यांनी विचारलं, "खरं सांग, कॉपी होत होती तेव्हा तू कुठे होतास?"

आता काकांशी खोटं कसं बोलणार?

"बाहेर होतो काका," मी म्हणालो. "लॉन कापत होतो."