डावी पाकळी

कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास आला की माझं अजूनही डोकं फिरतं. फरीदाबादच्या आमच्या घरात पहिला कूलर आला, त्याच उन्हाळ्यात गुडगावच्या एका नव्या कंपनीचं मला नोकरीचं पत्र आलं. तिकडेच होस्टेलात राहावं लागणार होतं. बाबा म्हणाले, "देवाला कौल लावू." कोकण सुटून जमाना झाला, तरी घरातलं अडलेलं सगळं असंच सुटायचं. देवाच्या तसबिरीवर दोन पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्या सकाळी मी देवघराच्या दारात उभी होते. बाबांनी उजव्या पाकळीला गंधाचा जाड थर लावला, डावीला नुसतं पाणी. कूलरच्या वाऱ्याने ती पाच मिनिटांत गळली. "त्याच्या मनात नाही, बेटा," हात जोडून बाबा म्हणाले. मी विचारलं, "डावी पडणार हे त्याला आधीच ठाऊक होतं?" "बिल्कुल! त्याला सगळंच आधी ठाऊक असतं." आईने पत्राची घडी करून तसबिरीमागे खोचली. पुढे कुणीही विचारलं की मी सांगायचे, देवानेच नको म्हटलं. होस्टेलात एकटीने राहायची मलाही धास्ती होती, हे कधीच नाही सांगितलं. देवाला आधी काय ठाऊक होतं ते त्याचं तो जाणे. मला ठाऊक होतं, आणि दारापासून तसबिरीपर्यंत चारच पावलं होती.