दहावा पुंकेसर

जाळीघरातल्या अकरा कुंड्यांत अजून एकही कळी उमलली नव्हती, आणि चिमटेबाई सकाळपासून चौथ्यांदा तिथे जाऊन आल्या होत्या.

"मावशी, तुम्ही अशा टक लावून बसलात तर फूल लाजेल," लॅबमधली मुलगी म्हणाली.

"लाजू दे. तू तुझी पानं मोज."

पिकांच्या त्या संशोधन केंद्रात त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. अठरा वर्षं त्यांच्या हातात तोच एक बारीक चिमटा होता, त्यामुळे साहेबांपासून माळ्यापर्यंत सगळ्यांच्या त्या चिमटेबाई. हरभऱ्याचं फूल मोठं स्वयंपूर्ण. ते उमलण्याआधीच आतल्या आत स्वतःच्या परागाने फळून मोकळं होतं. दोन जातींचा संकर करायचा तर त्याच्याआधी पोचावं लागतं. तांदळाएवढी कळी नखावर तोलायची, पाकळी हळूच सारायची, आतले दहाही पुंकेसर चिमट्याने वेचून काढायचे, मग दुसऱ्या जातीचा पराग मधल्या दांडीच्या टोकाला टेकवायचा आणि देठाला दोरा बांधायचा. चिमटा जरा जोरात लागला की कळी गेली. बाई ओठांतल्या ओठांत मोजत. एक, दोन, तीन. दहा म्हणून झालं की पुढची कळी.

गेल्या हंगामात बाईंनी केलेल्या संकराच्या बियांतून आलेल्या या अकरा रोपांची आई पांढऱ्या फुलांची होती. दाणा टपोरा, पीक भरघोस, पण जमिनीतून मर रोग आला की आठवड्यात उभी वाळणारी. बाप जांभळट फुलांचा, दाणा इतका बारीक की बाजारात कुणी हात लावणार नाही. मात्र मर त्याच्या मुळांपुढे हात टेकायची. दोघांचे गुण एका रोपात आणायचे, म्हणजे ज्याला औषधं परवडत नाहीत त्याचंही शेत उभं राहील, एवढ्यासाठी सगळा खटाटोप. पहिल्या पिढीत जांभळा रंग पांढऱ्यावर मात करतो. फूल जांभळं आलं तर संकर खरा. पांढरं आलं, तर एखादा पुंकेसर आत राहून गेला होता आणि आईने बापाची वाट न पाहता स्वतःच उरकून घेतलं होतं.

रविवारी नणंद येऊन गेली होती. तिच्या दोन एकरांत यंदा तिसऱ्यांदा मर लागली होती. तिने पिशवीतून वाळकं रोप काढलं आणि मूळ नखाने उभं चिरून वहिनीपुढे धरलं. आत काळी रेघ.

"वहिनी, तुमचं ते बी कधी येणार गं? दाणे चावायला माझे दात तरी राहतील ना?"

"बी बनवायला वर्षं लागतात."

"लागू देत. तुझ्या हातचं आहे ना, मग मी थांबते."

त्या 'तुझ्या हातचं'नंतर बाईंना बसवेना, उठवेना. कारण त्यांना जवळचं दिसेनासं झालं होतं. घरी सुई नवऱ्यापुढे धरून त्या "एवढा दोरा ओवा" म्हणत. त्याने "चाळिशी लागली वाटतं" म्हटलं, की "तुमचे डोळे शाबूत आहेत ना, मग ओवा की" म्हणून त्याला गप्प करत. केंद्रात मात्र अवाक्षर नाही. डोळे गेलेल्या माणसाला संकराच्या टेबलावरून उठवून गोदामात दाणे चाळायला बसवतात, हे त्यांनी पाहिलं होतं. गेल्या हंगामात कळी धूसर दिसायची, पण मोजणी सुरळीत चालू होती. ओठांनी दहा म्हटलं की हात पुढच्या कळीकडे जायचा. चिमट्यात खरोखर दहा आले होते का?

बुधवारी चौथ्या कुंडीत फूल आलं. पांढरं.

बाईंनी मागे पाहिलं. जाळीघरात कुणी नव्हतं. त्यांनी फूल खुडलं, मुठीत दाबलं आणि खिशात टाकलं. दुपारपर्यंत सहावी आणि दहावी कुंडीही तशीच निघाली. ती फुलंही खिशात गेली. बाकीच्या कुंड्यांत जांभळा रंग डोकावत होता, पण त्याच्याकडे त्यांचं लक्षच लागेना.

"संकर खरा की खोटा बघायला मी चारच रोपांची पानं डीएनए तपासणीला घेतेय," मुलगी पाकिटांवर आकडे लिहीत म्हणाली. "एक, दोन, पाच, नऊ. सामान तेवढंच आहे. बाकीची तुमच्या हातची, त्यांना काय धाड भरलीय?"

म्हणजे कुणाला कळणार नव्हतं. रोज सकाळी लवकर येऊन तीन कुंड्यांतली फुलं खुडायची, की झालं. खाली पानांआड चारदोन फुलं राहतील, घाटे धरतील. गुरुवारी त्यांनी तसंच केलं. शुक्रवारीही. शुक्रवारी खुडता खुडता हात थांबला. या तीन रोपांचं बी पुढच्या वर्षी रोगट जमिनीत पेरलं जाईल. ते सगळं मरेल. साहेब वहीत लिहितील, या बापाची ताकद पोरांत उतरत नाही. आणि तो बारीक दाण्याचा, चिवट बाप कायमचा बाद होईल. बिचाऱ्याचा संबंधसुद्धा आला नव्हता.

साहेब तराजूवर बी तोलत होते.

"साहेब, चार, सहा आणि दहा नंबरच्या कुंड्या काढून टाका."

"का?"

"पांढऱ्या निघाल्यात."

"काल तर फूल नव्हतं."

"होतं. परवाही होतं. मी खुडलं."

साहेबांनी तराजूवरून हात काढला. "तुमच्या हातून तीन?"

"जवळचं दिसत नाही मला. दोन वर्षं झाली." त्यांनी चिमटा टेबलावर ठेवला.

साहेबांनी चिमटा उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "आठ राहतात. आठांवर काम होईल. आठही रोपांची पानं तपासू. चिमट्याचं नंतर बघू."

मुलीने कपाटातून कपाळाला बांधायची भिंगं आणली. "मावशी, हे लावून एक कळी करा बरं. ओरडू नका, डोळे सगळ्यांचेच जातात."

"तुझे जातील तेव्हा सांग."

बाईंनी भिंगं बांधली आणि दचकल्या. कळी एवढी मोठी, एवढी स्पष्ट, की अनोळखी वाटली. पाकळी सारून त्या मोजू लागल्या. ओठ सवयीने दहावर पोचले, आणि आत, मधल्या दांडीच्या आडोशाला, एक पिवळा पुंकेसर तसाच टेकून उभा होता.

त्यांनी भिंगं उतरवली नाहीत. "साहेब, गेल्या दोन वर्षांतली माझ्या संकरांच्या बियांची पाकिटं कुठे आहेत?"

"खालच्या खणात. दोनशेच्या वर असतील. पण त्यांत आईही जांभळी, बापही जांभळा. फुलावरून काय कळणार?"

"मग कुंड्यांत पेरून पानं तपासा."

"मावशी, दोनशे!" मुलगी ओरडली. "सामान कुठून आणू?"

"ते मला नको विचारू. ते बी शेतात जायच्या आधी तपासा." बाई तोवर गुडघ्यांवर बसल्या होत्या. खण गच्च बसला होता. दोन्ही हातांनी त्या तो ओढत होत्या.