चंडोलाचा वैरी
अनसिंगच्या शिवारात आमच्या शेताच्या धुऱ्यापलीकडच्या माळ्याचं कोणाशीच पटायचं नाही, चंडोलाशी तर नाहीच. तो मूठभर मातकट पक्षी गात गात सरळ आभाळात चढायचा आणि गोट्यासारखा खाली यायचा.

"बिनकामाचा! गाऊनच राह्यला!" म्हणत माळी ढेकूळ उगारायचा. फेकलेलं मात्र मी कधी पाहिलं नाही.

एकदा ज्वारीत तण काढायचा डवरा हाकताना त्यानं तो मधेच उचलून पुढं टेकवला. मागं गवताचा पुंजका तसाच राहिला.

"काका, काहून उचलला?"

"गोटा हाय तिथं."

मी वाकून पाहिलं. गवताआड खळग्यात घरटं होतं आणि त्यात डोळे मिटलेली दोन पिल्लं.

"काका, तुमच्या गोट्याले पिल्लं झाली!"

"मंग वरडून कायले राह्यला?" तो दबक्या आवाजात खेकसला. "झोपले असतीन ते!"