न कापलेली बाग

धुळ्याहून मी माहेरी, सावद्याजवळच्या आमच्या गावी, चार दिवसांसाठी म्हणून आले आणि लॉकडाऊन लागलं. जिल्ह्याची हद्द बंद झाली. पन्नाशीची बाई मी, अन् स्वतःच्या घरी जायला परवानगी मागत बसले होते! सगळा राग भांड्यांवर निघायचा. आई म्हणायची, "हळू वं माय, पातेल्यानं काय केलं तुझं?"

आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, केळी नेमकी तेव्हाच कापणीला आली होती. आमच्याकडे घड हिरवा असतानाच कापतात. भरला की कापायचा अन् ट्रकमध्ये घालायचा. तो पिवळा होतो दूर कुठे तरी, दिल्लीकडे. "बागेत पिवळं केळ दिसलं का समजा, मालक झोपला," असं आबा आयुष्यभर म्हणत आले. पण आता ट्रक येईनात, व्यापारी फोन उचलेना. घड कापून वाहून नेणारी सातपुड्याच्या पायथ्याची माणसं आपापल्या गावी निघून गेली होती. त्यात आमच्या गल्लीत पेशंट सापडला आणि गल्लीच्या दोन्ही तोंडांना बांबू बांधले गेले. आबांचं वय सत्तरीच्या पुढचं, त्यामुळे त्यांना तर कोणी ओट्यावरही बसू देईना.

बाग गच्चीवरून दिसायची. आबा रोज वर चढायचे, कठड्याला धरून उभे राहायचे आणि खाली यायचे. वर्षभराचा घास समोर उभा, अन् मधे चार बांबू. मला ते बांबू उपटून फेकून द्यावेसे वाटत. पण पेशंट होती ती शेजारची अक्का, तिला ऑक्सिजन लावलेला. मग कुणावर चिडणार?

एका सकाळी वास आला. गोड, दाट वास, अख्ख्या गल्लीभर. आई हातातलं काम टाकून उभी राहिली. "पिकली," एवढंच म्हणाली. आबा त्या दिवशी जेवले नाहीत. पीक तर गेलंच, आता हा माणूसही हातचा जातो की काय, या भीतीनं मी रात्री दोनदा उठून त्यांचा श्वास बघून आले.

बांबू सुटले तसे आबा तडक शेताकडे निघाले. मी मागोमाग. ते कोसळले तर धरायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

बांधावर पोचलो आणि दोघंही थबकलो. लांबच्या लांब ओळी, अन् प्रत्येक झाडावर पिवळाधमक घड. साली उकललेल्या, त्यातून रस गळत होता. पोपट, साळुंक्या, बुलबुल, मधमाश्या, आणखी कोण कोण. सगळी बाग नुसती गुणगुणत होती. केळीच्या मुलखात जन्मले मी, पण असं कधी पाहिलं नव्हतं. हे आपलं नुकसान आहे, हेच मी क्षणभर विसरून गेले.

आबांनी चपला काढल्या. मुक्ताईच्या देवळात शिरताना काढतात तशा, जोडीनं बाजूला ठेवल्या, आणि अनवाणी आत गेले. एका घडाखाली कितीतरी वेळ वर बघत राहिले.

"पिकल्यावर अशी दिसते व्हय?" ते म्हणाले. "जलम गेला माझा, मले माहीतच नव्हतं."

मग त्यांनी एक केळं तोडलं, अर्धं मला दिलं. अर्धं खाता खाता रडले. मीही रडले.

पुढच्या हंगामात अर्धं शेत बटाईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, दुसऱ्याला द्यावं लागलं. ते अजून बटाईवरच आहे. उरलेल्या अर्ध्यात आबा केळी लावतात, वेळेवर हिरवी कापतात, ट्रक पुन्हा येतात. फक्त बांधाजवळचं एक झाड ते कापू देत नाहीत. व्यापारी हसतो, म्हणतो, "आबा, झोपले काय?"

"हो," आबा म्हणतात. आणि मला धुळ्याला फोन लावतात, "पिवळं व्हायला लागलं, येऊन जाय."

मी जाते. आता कुणाला विचारावं लागत नाही.