वरात दोन मिनिटं थांबते तेव्हा

काकूच्या नंबरवरून फोन आला आणि पलीकडून कुणी बोलेचना. नुसता बायकांचा आवाज, भांड्यांचा आवाज... आणि मला कळलं. मी जळगावला कॉलेजच्या लॅबमध्ये होते, हातात परीक्षानळी तशीच. मॅडमनी काही न विचारता ती माझ्या हातातून काढून घेतली. मग स्टँड, धुळ्याची गाडी, खिडकीतून येणारी ती मे महिन्यातली भट्टीसारखी हवा. एरंडोलला पाण्याची बाटली घेतली आणि पारोळा येईपर्यंत ती मला उघडताच आली नाही. म्हणजे झाकण घट्ट होतं असं नाही हो. पाणी प्यायचं म्हटलं की नाना दिसत होते.

सुपडू नाना, माझे मोठे काका. धुळ्यात ज्यांच्या घरी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत लग्न झालंय त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी त्यांना पाहिलंय, फक्त ओळखत नाहीत. लाल कोट, पितळी बटणं, पांढरे बूट आणि छातीवर मोठा ढोल, तेच आमचे नाना. रफिक चाचांच्या बँडमध्ये ते ढोल वाजवायचे, चाचा क्लॅरिनेट. आमचं आणि नानांचं घर एकाच ओट्याचं, त्यामुळे लहानपणी मला वाटायचं की सगळ्यांच्याच घरात खुंटीला ढोल असतो. सुट्टीच्या दिवशी मी त्याच्यावर चढून बसायचे आणि नाना ओरडायचे, "उतर माय, त्यानं कातडं तुना बापपेक्षा महाग शे!" माझे वडील शेजारीच बसलेले असायचे, तेही हसायचे.

ढोल जड असतो. पट्टा एकाच खांद्यावर येतो, आणि वरात म्हणजे काही गल्लीच्या टोकापासून मंडपापर्यंतचा रस्ता नसतो, पोरं नाचली की तो रस्ता संपतच नाही. सीझनमध्ये सकाळी एक, संध्याकाळी एक. खांदा, मान, कंबर सगळं भरून यायचं. त्यावर बँडवाल्यांचा एक उपाय होता आणि त्याला ते "चार्जिंग" म्हणायचे. वरात निघायच्या आधी चहा यायचा, आणि चहासोबत गोळ्यांची पट्टी फिरायची. हो, दुखत असो नसो! नानांचं तत्त्वज्ञान असं की "दुखानं आधी लिधी का दुखनं दारमा येसच नही," म्हणजे आधीच घेतली की दुखणं दारात येतच नाही. पट्टी टपरीवरून आणलेली, कात्रीने कापलेली, त्यावरचं नाव कधीच गेलेलं. कुणाला नारंगी गोळी लागू पडायची, कुणाला पांढरी. रिकाम्या पोटी, अर्ध्या कपात. चाचा ओरडायचे, "चार्जिंग हो गई सबकी?" आणि सगळे एका सुरात, "हो गई!"

पण खरी गोष्ट गोळीची एकटीची नाहीये, आणि ही मला फार उशिरा कळली. हे लोक वरातीच्या दिवशी पाणी प्यायचे नाहीत. घोटभरसुद्धा नाही. कारण एकदम साधं आहे. पाणी प्यायलं की लघवीला लागणार. लघवीला जायचं तर ढोल उतरवा, कोटाची ती सगळी बटणं काढा, आणि भर गल्लीत जायचं कुठं? त्यात नवरदेवाचे मित्र ढोलवाल्याला सोडतात होय? म्हणून सकाळपासूनच पाणी बंद. आमच्याकडचं ऊन तुम्हाला सांगायला नको. डांबर पायाला चिकटतं अशा दुपारी, जाड कोटात, वर घोटभर पाण्याविना. मी विचारलं की नाना छाती काढून म्हणायचे, "मी उंट शे, उंट!"

मी बी.फार्मला गेले. दुसऱ्या वर्षी वेदनाशामकांचं प्रकरण शिकवलं त्या शनिवारी मी बसमधून उतरून दप्तरासकट नानांच्या ओट्यावर. मला दम धरवत नव्हता. मी सांगितलं, नाना, कुठं दुखलं-खुपलं की शरीर तिथे प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं बनवतं, ती दुखणं वाढवतात. ती बनवणारं एक एन्झाइम असतं. आयब्युप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळीचा रेणू जाऊन नेमका त्याच्या खाचेत बसतो, गाडीच्या दारात कुणी बोचकं ठेवावं तसा. आत जायची वाटच बंद! रसायन बनत नाही, दुखणं उतरतं. इथपर्यंत नाना खूश. पण नाना, तीच रसायनं पोटाच्या अस्तराचीही राखण करतात, म्हणून रिकाम्या पोटी गोळी घेतली की जळजळ होते, अल्सर होतो, आतून रक्तसुद्धा जातं. आणि अंगातलं पाणी आटलं ना, की किडनीकडे जाणारी रक्तवाहिनी रुंद धरून ठेवायचं कामही तीच करतात.

नाना म्हणाले, "मंग मना खांदानं दुखनं तुना सर लई जाई का?"

मला राग आला आणि हसूही आलं. मग मला ठिबक आठवलं. काकूच्या माहेरी रावेरला केळी आहे, नाना तिथे जाऊन येऊन असायचे. म्हटलं, नाना, समजा उन्हाळ्यात विहिरीला पाणी कमी आहे. तरी बागेला धार मिळावी म्हणून एक माणूस कॉक पूर्ण उघडून तिथेच बसलाय. तुम्ही गोळी घेता आणि त्या माणसालाच घरी पाठवता. नानांनी बोटांनी हवेतच कॉक फिरवून पाहिला. "म्हंजे... गोयी लिधी का वाल बंद?" म्हटलं, तसंच. विहिरीत भरपूर पाणी असेल, एखाद-दोन दिवसांचा प्रश्न असेल, तर धडधाकट माणसाला फार काही होत नाही. पण रोज, उन्हात, कोरड्या अंगाने... "हाऊ सीझन सरू दे," नाना म्हणाले. आणि काकूला हाक मारून माझ्यासाठी पोहे करायला लावले.

सीझन सरला, आणि एका सकाळी नानांच्या पायात ते पांढरे बूट जाईनात. आम्ही आधी हसलो. काकू म्हणाली, बूट आटले. बूट आटले नव्हते, पाय सुजले होते. तोंडही सुजलेलं. अन्नावरची वासना गेलेली. धुळ्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, बी.पी. घेतलं आणि म्हणाले की हे आजकालचं नाही. बी.पी. कधीपासून होतं कुणालाच माहीत नव्हतं, त्यावर वर्षानुवर्षं गोळ्या, त्यावर ते कोरडं ऊन. एकट्या गोळीला दोष देता येणार नाही असंही ते म्हणाले, आणि ते मी इथे मुद्दाम लिहितेय, कारण मला हे घाबरवायला लिहायचं नाहीये. पण किडन्या गेल्या होत्या. डायलिसिस सुरू झालं.

आणि मग सगळं उलटंच झालं. डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून. प्यायलेलं बाहेर टाकायला किडनीच नाही ना... ते अंगात साठतं, छातीत भरतं. आयुष्यभर पाणी टाळलेल्या माणसाला आता दिवसाला एवढंसंच पाणी, तेही काकूच्या हातून, एका छोट्या वाटीने. बाहेर पुन्हा उन्हाळा. नाना बर्फाचा खडा जिभेवर ठेवून डोळे मिटून बसायचे. काकू आमच्या घरी येऊन पाणी प्यायची, त्यांच्यासमोर नको म्हणून.

पण नाना गप्प बसणारे थोडेच. ढोल उचलता येत नव्हता तरी ते बँडच्या टेम्पोत बसून वरातीला जायला लागले, आणि रफिक चाचांशी त्यांनी भांडण काढलं. प्रत्येक तिसऱ्या गाण्यानंतर बँड थांबणार. सगळ्यांनी पाणी प्यायचं. निघायच्या आधी मंडपवाल्याकडे बाथरूम विचारून ठेवायचं. चार्जिंग बंद. ज्याचं खरंच दुखतंय त्याने आधी भाकर खायची, मग गोळी, नाव असलेल्या पट्टीतली, आणि दोन-तीन दिवसांत नाही थांबलं तर दवाखाना. चाचा म्हणाले, "सुपडू, लोग पैसे बजाने के देते हैं, पानी पीने के नहीं." नानांनी फक्त आपली सुजलेली पावलं टेम्पोच्या फळीवर पुढे केली. चाचांनी पुन्हा तो विषय काढला नाही. ढोलाच्या कडेला नानांनी सायकलचं बाटली अडकवायचं कडं बसवून घेतलं. पहिल्यांदा बँड मधेच थांबला तेव्हा नाचणारी पोरं चिडली, "वाजव ना भो!" तर चाचाच बोलले, "दूल्हा कहीं भागा नहीं जा रहा, मियाँ. दो मिनट."

आमची शेवटची भेट अखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची. मी घरी आले, नाना ओट्यावरच्या खाटेवर होते. आवाज खोल गेलेला. मी बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, "पानी पिनी का?" म्हटलं, पिते नंतर. "नंतर नही. आते." काकूने तांब्या-पेला आणून दिला. मला त्यांच्यासमोर पाणी प्यायचं नव्हतं... मी घाईघाईने संपवायला लागले, तर नानांनी हात वर केला.

"धीरे पी. माले देखू दे."

मी हळू प्यायले. नाना बघत होते. पेला रिकामा होईपर्यंत त्यांच्या गळ्याची घाटी खालीवर होत होती.

नाना गेले त्या आठवड्यात, दारावर दुखवट्याला बसायला आलेल्या बायकांच्या गर्दीत काकूचं डोकं रडून रडून ठणकायला लागलं, आणि शेजारच्या अक्कांनी मायेनं पदराची गाठ सोडून एक गोळी पुढे केली, कापलेल्या पट्टीतली, नाव नसलेली. मी जवळजवळ किंचाळलेच. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मग मी काकूला अर्धी भाकर खाऊ घातली, पेलाभर पाणी दिलं आणि पॅरासिटामॉलची एक गोळी दिली. गोळीशी माझं वैर नाही हो, दुखणं खरं असतं. पॅरासिटामॉल पोटाला, किडनीला त्यामानाने सोपं, पण जास्त झालं की तेही लिव्हरवर जातं, आणि सर्दीच्या नि अंगदुखीच्या कितीतरी गोळ्यांत तेच लपलेलं असतं. दोन रंगांच्या गोळ्या घ्याव्यात आणि पोटात एकच औषध दुप्पट जावं, असं होतं. अक्का म्हणाल्या, "नावच नही त्यावर, माले काय माहीत?" खरंच, त्यांना तरी काय माहीत...

परवा संध्याकाळी आमच्या गल्लीतून वरात गेली. रफिक चाचांचाच बँड. घरात सुतक संपलेलं, तरी काकूने दार लोटून घेतलं होतं. ढोल जवळ येत गेला, आमच्या ओट्यासमोर आला, आणि थांबला. काही बिघडलं नव्हतं, तिसरं गाणं संपलं होतं. पोरं ओरडली, "वाजव ना भो!" आणि नंतर एकदम शांत. त्या शांततेत काकू उठली. दार उघडून, कळशी घेऊन बाहेर गेली. नानांचा ढोल आता ज्याच्या छातीवर आहे तो कड्यातली बाटली काढून बघत होता, ती रिकामी होती. काकूने ती त्याच्या हातातून घेतली, काठोकाठ भरली आणि परत दिली. चाचांनी क्लॅरिनेट खाली केलं. तो माणूस बिचारा अवघडला, पटकन दोन घोट घेऊन बाटली ठेवायला लागला.

"धीरे पी," काकू म्हणाली, आणि तिथेच उभी राहिली.